मागच्या पानांची बाई

पुस्तक हातात आलं की लोक पहिलं पान उघडतात. ही बाई शेवटचं उघडायची. दवाखान्यातल्या टीपॉयवर पडलेलं असो की कुणाच्या घरी कपाटात, ती पुस्तक पालथं घालून मागून चाळणार, आणि मागं सूची नसली तर कपाळाला आठी घालून होतं तिथं ठेवून देणार. नवरा होता तोवर चिडवायचा, ''तुझं सगळंच उलटं. एक दिवस सिनेमाचा शेवट आधी विचारून मग तिकिटाच्या रांगेत उभी राहशील.''

ती जिथं कामाला होती ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली पत्र्याच्या पिंपांचं गोदाम. कुणी पिंप ढकललं की वरची टेबलं थरथरायची आणि चहाच्या कपात गोल गोल वलयं उठायची. ऑफिसचं काम एवढंच, की जुनी छापील पुस्तकं आणायची, त्यांच्या पानापानाचे फोटो काढायचे, त्या फोटोंतली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायची आणि पुस्तक कॉम्प्युटरवर चढवायचं. फोटो काढणाऱ्याला सगळे झेरॉक्स म्हणत. आधी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, ते बुडालं, नाव तेवढं वर तरलं. मजकूर तपासायला चष्मेवाली होती. आणि पुस्तकाच्या मागच्या सूच्या या बाईकडं. एकोणीस वर्षं दुसरं काही तिनं केलंच नव्हतं. सगळे तिला सूचीमावशी म्हणत, साहेबसुद्धा.

सूचीचं काम दिसायला किरकोळ, पण भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारं. सूची छापलेली असते दोन रकान्यांत. यंत्र बिचारं सरळमार्गी. ते डावीकडून निघतं ते थेट उजव्या काठापर्यंत वाचत जातं, मधली रेघ त्याला दिसतच नाही. त्यामुळं डावीकडचा गाळ उजवीकडच्या चौकीदाराच्या गळ्यात पडतो, आणि 'गाळ, चौकीदार, तलावातला, रात्रपाळीचा' असलं काहीतरी समोर येतं. मावशी ते एकेक सोडवायची. गुंतलेल्या केसांत फणी फिरवावी तसं, न ओढता. प्रत्येक नोंद आपापल्या ओळीवर. तिच्या पोटातल्या नोंदी चार अक्षरांची घरं आत सरकवून. ओळ तुटली असेल तर जोडायची. शेजारच्या प्रत्येक आकड्याला लिंक द्यायची, म्हणजे आकडा दाबला की ते पान उघडलं पाहिजे. लिंक दिली की तीनदा दाबून बघायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, छापलंय तसंच ठेवायचं. चूक असली तरी ठेवायची. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही, काढायचं नाही.

हे नियम ऑफिसातल्या फळ्यावर लिहिले होते. पण मावशीला ते फळ्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते. तिचे बाबा सूच्या करायचे.

हा धंदा हल्ली कुणाला सांगून पटत नाही. पुस्तक छापायला जायच्या आधी छापखान्यातून त्याची कच्ची पानं घरी यायची, दोरीनं बांधलेली. बाबा ती वाचायचे आणि हातभर रुंदीच्या टेबलावर बसून कार्डं लिहायचे, एका कार्डावर एक नोंद. मग ती कार्डं बुटांच्या खोक्यांत अक्षरवारीनं उभी लावायची. खोकी तेरा होती. लावायचं काम दोघी मुलींकडं. 'अ' पासून 'न' पर्यंत थोरली, 'प' पासून 'ह' पर्यंत धाकटी. धाकटी म्हणजे ही. तिला तेव्हा शाळेत पाढे येत नव्हते, पण 'म' नंतर 'य' येतो आणि 'श' च्या आधी 'व', हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची.

बाबा बोलायचे कमी. जे बोलायचे ते कार्डांबद्दल. ''वाचक मागच्या दारानं येतो. घाईत असतो. त्याचा हात धरायचा आणि त्या पानावर नेऊन सोडायचा. आपण उंबऱ्यावरून परत फिरायचं.'' किंवा, ''बारक्या गोष्टीला वेगळं दार देऊ नये गं. ती कुणाच्या तरी घरात राहत असते. त्या घरात तिला कोपरा द्यायचा.'' एकाही पुस्तकात त्यांचं नाव छापून आलं नाही. लेखकाचं यायचं, छापखान्याचं यायचं, मुखपृष्ठावर चित्र काढणाऱ्याचं यायचं. थोरली एकदा म्हणाली, ''बाबा, तुमचं का नाही?'' तर म्हणाले, ''पाटीवर हात काढलेला असतो ना, इकडं जा म्हणून? तो कुणाचा आहे असं कधी विचारलंयस?''

धाकटी नऊ वर्षांची असताना पाण्याचं पुस्तक आलं. शहराला पाणी कसं आलं याचा इतिहास, लिहिणारे पाणीखात्यातले एक रिटायर झालेले इंजिनिअर. दोन जाडजूड खंड, पानांचे आकडे एकापुढं एक चालू, आणि दोन्हींची मिळून सूची दुसऱ्या खंडाच्या शेवटी. नळ, पाइप, मीटर, मंजुऱ्या, कंत्राटं. घरात दोन महिने दुसरं बोलणं नव्हतं. कार्डं लावता लावता धाकटी कंटाळली आणि तिनं एक कच्चं पान सहज वाचायला घेतलं. पान तीनशे बारा. टेकडीवरच्या साठवण टाकीला आतून रंग द्यायला माणसं उतरली, तर आत झडपांच्या कट्ट्यावर एक पांढरी आई तीन पिल्लांना पाजत बसलेली. एवढ्या रूक्ष पुस्तकात तेवढी एकच जागा जिवंत. तिनं खोक्यात बघितलं, त्या पानाचं कार्डच नव्हतं. मग तिनं बाबांचं पेन घेतलं, कोरं कार्ड घेतलं आणि जीभ बाहेर काढून लिहिलं, 'मांजर, पांढरं, तीन पिल्लांसह, ३१२.' आणि 'म' च्या खोक्यात, जागेवर, उभं लावून दिलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी बाबांना ते सापडलं. त्यांनी कार्ड खिडकीपाशी नेऊन बघितलं.

''हे कुणाचं?''

''माझं.''

''मांजर असं लिहिलंय का त्या पानावर?''

''नाही. पण मांजरच आहे. मुकादमाला ओरबाडलं तिनं.''

बाबा काही बोलणार होते. तेवढ्यात पुढं सरकली ती धाकटी, आणि तिच्या कोपराचा धक्का लागून 'म' चं खोकं खाली आलं. चारशे कार्डं फरशीवर पसरली. बाबा ओरडले. ते कधी ओरडत नसत, म्हणून घर हादरलं. ''माझ्या खोक्यांत हात घालायचा नाही! सांगून ठेवतो!'' आई आतून बाहेर आली आणि तशीच आत गेली. बाबा गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करू लागले. मांजराचं कार्ड त्यांनी खोक्यात ठेवलं नाही. केराच्या टोपलीतही टाकलं नाही. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलं. धाकटीनं ते पाहिलं.

आठवड्यानं बाबांनी सगळी कार्डं छापखान्यात नेऊन दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन ते जे बाहेर पडले ते परत आले नाहीत.

आईनं कधी ताकास तूर लागू दिली नाही. शेजारचे हळू आवाजात बोलत, आणि मुली आल्या की विषय बदलत. सतरा वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्याच्या मालकाचं पत्र आलं, की अमुक तारखेला गेले, शेवटपर्यंत काम करत होते, घरचा पत्ता जुन्या वहीत मिळाला. बस्स.

धाकटीच्या मनानं मात्र नवव्या वर्षीच हिशेब मांडून ठेवला होता. मी खोक्यात हात घातला, कार्डं सांडली, बाबा चिडले, बाबा गेले. मोठी झाल्यावर हे खुळ्यासारखं आहे हे तिलाही कळत होतं. पण कळणं वेगळं. एकच गोष्ट तिला बघायची होती. खिशातलं कार्ड त्या सूचीत गेलं की नाही. गेलं असेल तर ते रागानं गेले नाहीत. नसेल गेलं, तर मग आपलंच खरं.

बघायला पुस्तक हवं. ते छापलं होतं मोजकंच, खात्यापुरतं. तिशीत असताना तिला जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिला खंड मिळाला. तिनं तो दुकानातच पालथा घातला, आणि मागं काहीच नव्हतं. सूची दुसऱ्यात. दुसरा कुठंच नव्हता. वाचनालयांच्या कार्डांवर होता, कपाटांत नव्हता. मग या ऑफिसची जाहिरात दिसली. जुनी पुस्तकं इथं येतात, म्हणजे आज ना उद्या तेही येईल, एवढ्या एका आशेवर ती आत आली आणि एकोणीस वर्षं बसली.

एका सोमवारी सकाळी झेरॉक्स जिन्यातूनच ओरडला, ''मावशी, तुमचं पाणी आलं!''

''नळाला?'' चष्मेवालीनं विचारलं.

''नाही गं बाई, ट्रॉलीवर!''

पाणीखात्याच्या रेकॉर्डरूममधून दोन्ही खंड आले होते. झेरॉक्स हा एकटाच असा, ज्याला मावशीनं सगळी गोष्ट सांगितलेली. त्यानं दुसरा खंड दोन्ही हातांनी, ताट धरावं तसा तिच्यापुढं धरला. ''बघून टाका. 'म' ना? मी काढून देतो पान.''

''हात लावशील तर!'' मावशी एवढ्या जोरात म्हणाली की चष्मेवालीनं मान वर केली. मग आवाज उतरवून म्हणाली, ''तू तुझे फोटो काढ. माझ्याकडं रीतीनं येऊ दे.''

''एकोणीस वर्षं डोळे लावून बसलात, आणि आता रीत?''

''तू नाही समजायचास.''

तिला तरी कुठं नीट समजत होतं? जोवर बघितलं नाही तोवर कार्ड खिशातही होतं आणि सूचीतही होतं. बघितलं की एकच काहीतरी उरणार होतं. आणि सूची कुठूनही मधूनच उघडायची नाही, 'अ' पासून 'ह' पर्यंत जायचं, ही तिची जन्माची सवय.

मंगळवारी साहेब टेबलापाशी आला. तिच्या भाच्याच्या वयाचा, मनानं चांगला, पण कायम बस सुटत असल्यासारखा. ''मावशी, पाण्याच्या पुस्तकाची मागची सव्वीस पानं सोडून द्या. खात्याला सोमवारी वेबसाइटवर पाहिजे.''

''सोडून म्हणजे?''

''सूची नको. सर्च आहे ना. शब्द टाका, पान मिळतं. आता सूची कोण बघतंय?''

मावशीनं हात कीबोर्डवरून काढला नाही. ''साहेब, मला वेळ द्या. मी करते. घरी जायला उशीर झाला तरी चालेल.''

''मावशी...''

''एकोणीस वर्षांत काही मागितलंय तुमच्याकडं?''

साहेबानं डोकं खाजवलं. ''शुक्रवार संध्याकाळ. जितकं झालं तितकं. पूर्ण नाही झालं तर सूची काढून टाकू. अर्धी ठेवता येत नाही.''

तिनं 'अ' ला हात घातला.

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं आपण नुसत्या ओळी सोडवू. तसं झालं नाही. दोन रकाने वेगळे होत गेले तसे बाबा समोर येऊन बसत गेले. पुस्तक लिहिणारा इंजिनिअर सरळ माणूस, काही झाकत नव्हता पण काही म्हणतही नव्हता. म्हणत होती ती सूची. 'कंत्राटदार: पाहा चौकशी समिती.' दुपारी पुढं गेली तर 'गळती: पाहा नळ, फुटके.' आणि गुरुवारी 'न' मध्ये, 'नळ, फुटके: पाहा कंत्राटदार.' मावशी एकटीच हसायला लागली.

''काय झालं?'' चष्मेवाली.

''काही नाही. सूची करणाऱ्यानं कुणाच्या तरी शेपटीला फटाका बांधून ठेवलाय, तो आत्ता वाजला.''

तिला आठवत होते ते बाबा गप्प होते, त्यांची पाठ आठवत होती, पेनाचा आवाज आठवत होता. त्यांना अशी मजा करता येत होती हे तिला माहीतच नव्हतं. घरात ज्या माणसाचे आठवड्याचे शब्द बोटांवर मोजता यायचे, तो इथं सव्वीस पानं बोलत होता. तिला वाटे, सूची संपूच नये. आणि वाटे, कधी एकदा 'म' येतो.

झेरॉक्स रोज जाता येता विचारायचा, ''पोचलात कुठपर्यंत?''

''टाक्यांपाशी.''

''बाप रे. अजून 'ट'? आमच्या गल्लीत पाणी यायला यापेक्षा कमी वेळ लागला.''

शुक्रवारी साडेअकराला 'म' लागला. पहिली होती मंजुरी. मग मजूर, त्यांच्या झोपड्या, त्यांची मजुरी. माती. मीटर. मुकादम. मोजणी. आणि सगळ्यांत शेवटी 'म्हशी, तलावात डुंबणाऱ्या, त्यांचा बंदोबस्त, ४४, २०१.'

तिनं परत वरून वाचलं. मग यंत्राच्या वाचण्यावर भरवसा नको म्हणून पानाचा फोटो उघडला आणि बोट लावून वाचलं. मजूर आणि माती यांच्या मध्ये, जिथं तिनं नवव्या वर्षी जागा शोधून कार्ड लावलं होतं, तिथं मजुरांच्या मागोमाग लगेच माती होती. म्हशींना जागा मिळाली होती. मांजराला नव्हती.

झेरॉक्स लांबून बघत होता. तिनं त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली. तो पुढं आला नाही. त्यानं तिच्यासाठी चहा आणून ठेवला आणि निघून गेला.

मावशी मोबाइल घेऊन जिन्यात गेली.

''ताई, नाहीये.''

''काय नाहीये?'' पलीकडं थोरली भांडी घासत होती. नळ चालू होता.

''मांजर. पुस्तक मिळालं. 'म' संपला. खिशातच राहिलं ते त्यांच्या.''

नळ बंद झाला. ''अगं, तू अजून ते मांजर धरून बसलीयस? अठ्ठावन्नाची झालीस, धाकटे.''

''माझ्यामुळं गेले ते.''

''तुझं डोकं. ऐक. त्या माणसाची ट्रंक महिनाभर आधीपासून भरलेली होती. माळ्यावर, गोणपाटाखाली. मी बघितली होती. तुझ्या कार्डाबिर्डाचा काही संबंध नाही.''

मावशीनं कठडा धरला. ''आणि हे तू मला आत्ता सांगतेस?''

''तेव्हा नऊ वर्षांची होतीस.''

''नंतर? पन्नास वर्षं व्हायला आली.''

पलीकडं थोरलीनं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, ''नंतर मला वाटलं, राहू दे हिच्यापाशी. तुझ्यामुळं गेला असं तू धरलंस, म्हणजे तुझ्यामुळं परत येईल असंही धरता येत होतं तुला. दारात बसायचीस की नाही शाळेतून आल्यावर? मला तेवढंही नव्हतं गं. मी ट्रंक बघितली होती.''

खाली कुणी तरी पिंप ढकललं. जिना हलला.

''रडतेयस का?'' थोरलीनं विचारलं.

''नाही. अजून 'य' पासून पुढं राहिलंय. ठेवते.''

ती टेबलाशी आली. चहा गार झाला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला. आता सूची पूर्ण झाली काय न झाली काय, असं एकदा मनात आलं. पण अर्धी सूची ठेवता येत नाही, आणि सव्वीसच्या सव्वीस पानं बाबांचीच होती. मांजर नसलं तरी कंत्राटदार होता, फुटके नळ होते, म्हशी होत्या. तिनं 'य' घेतला. 'र', 'ल', 'व'. बोटं आपोआप चालत होती. चार वाजता 'स' लागला.

'स' मोठा होता. समित्या, सभा, सांडपाणी, साठवण टाक्या. यंत्रानं तिथं नेहमीसारखाच घोळ घातला होता. पडद्यावर ओळ आली: 'मांजर, पांढरे, तीन स्थायी समिती, बैठका पिल्लांसह, ३१२ तहकूब, ४०१.'

तिनं पाहिलंसुद्धा नाही. हातानं काम केलं. 'स्थायी समिती, बैठका तहकूब, ४०१' उचललं, उजव्या रकान्यात तिच्या जागी नेऊन ठेवलं. उरलेलं जोडलं. जोडलेली ओळ आपल्या घरात चार घरं आत सरकवली. मग त्या ओळीकडं तिचं लक्ष गेलं.

साठवण टाकी, टेकडीवरची
    खोदकाम, २९५
    गळती, ३३०
    घुमट, ३०४
    झडपा, ३०८, ३१०
    मांजर, पांढरे, तीन पिल्लांसह, ३१२
    रंगकाम, ३१६

बारक्या गोष्टीला वेगळं दार देऊ नये. ती कुणाच्या तरी घरात राहत असते.

ती चुकीच्या दाराशी उभी होती. नऊ वर्षांच्या मुलीनं जिथं लावलं तिथं शोधत होती. पाण्याचं पुस्तक उघडणारा माणूस 'म' मध्ये मांजर शोधायला कशाला जाईल? तो टाकीपाशी जाईल. बाबांनी कार्ड खिशातून काढून योग्य त्या जागी लावलं होतं, जसं एखाद्या शिकाऊ माणसाचं काम हाताखाली घेऊन नीट करून द्यावं, तसं. आणि 'पांढरे' काढलं नव्हतं. हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं. ती मागं गेली, 'अ' पासून नजर टाकत आली. सव्वीस पानांच्या सूचीत दुसऱ्या कशालाच रंग नव्हता. सूचीत रंग लिहीत नाहीत, जागा वाया जाते. बाबा तर एक स्वल्पविराम जास्त पडला तरी कार्ड फाडून नवं लिहायचे.

ट्रंक माळ्यावर भरून ठेवलेली होती, आणि त्या माणसानं जायच्या आधी बसून हे एवढं केलं होतं.

तिनं त्या आकड्याला लिंक दिली आणि 'स' संपवला. साहेब येऊन उभा राहिला. ''मावशी, झालं का? नाही तर मी फाइल तशीच...''

''झालंच. फक्त 'ह' राहिलाय. तुम्ही जरा बसा. मांजर शोधा या पुस्तकात.''

''काय?''

''शोधा तर. तुमचं सर्च आहे ना.''

साहेबानं उभ्या उभ्याच 'मांजर' टाइप केलं. मजकुरात एकही जागा सापडली नाही. 'मांजरी' टाकलं, 'बोका' टाकलं. चष्मेवाली आणि झेरॉक्स मागं येऊन उभे राहिले. ''नाहीये या पुस्तकात मांजर,'' साहेब म्हणाला.

मावशीनं आकडा दाबला. पान तीनशे बारा उघडलं. साहेबानं मोठ्यानं वाचलं. ''रंगकामाकरिता टाकीत उतरले असता झडपांच्या कट्ट्यावर एक पांढरी आई तीन आंधळ्या पिल्लांस पाजीत बसलेली आढळली. मुकादमाने हात पुढे करताच तिने ओरबाडले. पिल्लांचे डोळे उघडण्याच्या बेतात होते, सबब काम दोन दिवस थांबविण्यात आले.''

''हिला यंत्र मांजर म्हणत नाही,'' मावशी म्हणाली. ''माणूस म्हणतो.''

साहेबानं पान मागं-पुढं करून पाहिलं. मग हसला. ''ठेवू या सूची. कुणी केली होती हो? पुस्तकात कुठं नाव नाही. आपण माहितीच्या पानावर टाकू शकतो. तुम्हाला माहितीय का?''

झेरॉक्सनं तोंड उघडलं. मावशीनं त्याच्याकडं एकदाच बघितलं, त्यानं ते मिटलं.

नाव तिच्या अगदी जिभेवर होतं. कित्येक वर्षांत ते तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. पण पाटीवरच्या हाताला नाव नसतं, आणि छापलंय तसंच ठेवायचं असतं. ''छापलेलं नाही ना,'' ती म्हणाली. ''मग राहू द्या.''

सगळे आपापल्या टेबलांकडं गेले. तिनं 'ह' संपवला. शेवटची नोंद होती 'हौद, सार्वजनिक'. मग तिनं थोरलीला फोन लावला.

''सापडलं.''

''काय?''

''मांजर. टाकीत होतं. त्यांनी तिथं ठेवलं होतं.''

थोरलीनं विचारलं, आणि तिचा आवाज तेरा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता, ''पांढरं?''

''पांढरं लिहिलंय.''

''मग चिडला नव्हता.''

''नव्हते चिडले.''

''मग गेला कशाला?'' थोरली म्हणाली. इतकी वर्षं निदान राग तरी होता धरायला. त्या रागाचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं, कुठल्या का शहरात असेना, त्यांच्या हातात. दोघी बहिणी तशाच फोन कानाला लावून बसल्या.

फोन ठेवल्यावर तिला आठवलं, लिंक अजून तपासायची राहिली. तीनदा दाबायची. तिनं दाबली. पान उघडलं, पांढरी आई पाजत बसली होती. काम दोन दिवस थांबलं होतं. परत येऊन दुसऱ्यांदा दाबली. दोन दिवस. अख्ख्या शहराचं पाणी अडवून दोन दिवस थांबली होती माणसं, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत. तिसऱ्यांदा दाबली. लिंक बरोबर होती, काम झालं होतं.

तिनं चौथ्यांदा दाबली.